कुत्रा घरात आणि शिंकाही घरात : खर्च आणि अ‍ॅलर्जी कोणत्या क्रमाने हाताळावी

आमच्या घरी चिकू आला तेव्हा तो दोन महिन्यांचा होता आणि माझी मुलगी नऊ वर्षांची होती. सोसायटीच्या फाटकाजवळ जन्मलेले पिल्लू, म्हणजे विकत घेण्याचा खर्च शून्य, एवढाच हिशेब आम्ही केला होता. पहिल्याच पावसाळ्यात मुलीला सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू झाल्या आणि डोळे चोळून चोळून लाल होऊ लागले. त्याच सुमारास चिकूही शेपटीच्या मुळाशी स्वतःला चावून केस उडवू लागला. पुढच्या दीड वर्षात आम्ही जो पैसा घातला, त्यातला निम्म्याहून अधिक वाया गेला, कारण क्रम उलटा होता. हवा शुद्ध करणारे यंत्र आधी आले आणि मुलीची तपासणी नंतर झाली. कुत्र्याचे महागडे अन्न आधी बदलले आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा नंतर लक्षात आल्या.

ज्यांच्या घरी नुकताच कुत्रा आला आहे आणि घरातल्या कुणाला तरी शिंका, खाज किंवा धाप यांचा त्रास आहे, त्यांच्यासाठी हा क्रम पुढे मांडला आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचे नाव कुठे आले असेल तर ते ओळख व्हावी म्हणून आहे, मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवायची आहे.

१. दोनशे पानी वही आणावी

सुरुवात खरेदीने करू नये, नोंदींनी करावी. वहीच्या डाव्या पानावर कुत्र्याचा प्रत्येक खर्च आणि त्याचे वजन लिहावे. उजव्या पानावर घरातल्या ज्या व्यक्तीला त्रास होतो तिची लक्षणे लिहावीत : वेळ कोणती, खोली कोणती, त्या दिवशी झाडलोट झाली का, गाद्या झटकल्या का, कुत्र्याला अंघोळ घातली का, बाहेर पाऊस होता का. तीन आठवडे पुरेसे आहेत, मात्र नोंद रोज आणि त्याच दिवशी व्हायला हवी. रविवारी बसून आठवडाभराचे आठवून लिहिलेल्या नोंदीत आपल्या मनातला संशयच उतरतो.

आमच्या वहीत जे दिसले ते आम्हाला अपेक्षित नव्हते. मुलीच्या सर्वाधिक शिंका सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान, अंथरुणात असतानाच येत होत्या. संध्याकाळी चिकूशी तासभर मस्ती केल्यावर डोळ्यांना थोडी खाज येई, पण शिंका फारशा नसत. आणि ज्या दोन रविवारी कपाटावरच्या जुन्या गोधड्या काढून झटकल्या, त्या दोन्ही दिवशी तिचे नाक दिवसभर वाहत होते. पुढे डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ पाहिली ती हीच पाने.

२. अ‍ॅलर्जी नेमकी कशाची, हे ठरवून घ्यावे

घरात कुत्रा असला की प्रत्येक शिंकेचे खापर त्याच्याच माथी फुटते. प्रत्यक्षात आपल्याकडच्या घरांत, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच, डस्ट माइट हे अ‍ॅलर्जीचे फार मोठे कारण असते. डोळ्यांना न दिसणारे हे जीव गादीत, उशीत आणि गोधडीत राहतात, माणसाच्या त्वचेच्या गळालेल्या कणांवर जगतात आणि दमट हवेत वाढतात. त्याशिवाय झुरळे आहेत, भिंतीवरची बुरशी आहे आणि मोकळ्या जागेवरचे गाजरगवत आहे. हे गवत भारतात पहिल्यांदा १९५५ च्या सुमारास पुण्यातच नोंदवले गेले, त्यामुळे पुणेकरांनी तरी त्याला विसरू नये. कुत्रा मैदानातून या गवताचे परागकण अंगावर घेऊन आला, तरी त्रास कुत्र्याचा वाटतो आणि असतो गवताचा.

कुत्र्याची अ‍ॅलर्जी असते ती त्याच्या केसांची नसते. ती त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. केस हे त्या प्रथिनांचे केवळ वाहन आहे. एवढी एक गोष्ट समजली की दोन सापळे आपोआप टळतात. पहिला सापळा ‘अ‍ॅलर्जी न होणारी जात’ म्हणून दामदुप्पट किमतीला विकल्या जाणाऱ्या पिल्लांचा आहे. अशी जात नसते. ज्या घरांत या जातींचे कुत्रे आहेत तिथल्या धुळीची तपासणी झालेली आहे आणि त्या धुळीत प्रथिनांचे प्रमाण इतर घरांपेक्षा कमी आढळलेले नाही. दुसरा सापळा कुत्र्याचे सगळे केस भादरण्याचा आहे. त्याने लाळ आणि कोंडा थांबत नाही, उलट उन्हापासूनचे त्याचे संरक्षण मात्र जाते.

तपासणीसाठी अ‍ॅलर्जी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. हातावर निरनिराळ्या द्रावणांचे थेंब ठेवून बारीक टोचण्याची जी चाचणी असते, तिचा निकाल पंधरा ते वीस मिनिटांत दिसतो. या चाचणीपूर्वी सर्दी-खाजेच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. आम्हाला हे कुणी सांगितले नव्हते, मुलीने आदल्या रात्री गोळी घेतली होती आणि पहिली फेरी फुकट गेली. म्हणून वेळ ठरवतानाच विचारून घ्यावे, मात्र दम्याची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्वचेवर चाचणी करणे शक्य नसेल तर रक्तातून त्या त्या वस्तूविरुद्धचे विशिष्ट आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारे प्रतिपिंड, तपासता येते. नुसते एकूण आयजीई वाढलेले आहे, एवढ्यावरून कुत्र्याचा दोष सिद्ध होत नाही, कारण पोटात जंत असले तरी ते वाढते.

निकाल हाती आल्यावरही एक गोष्ट लक्षात ठेवावी. चाचणीत फोड उठला म्हणजे त्या वस्तूला शरीर ओळखते, एवढेच कळते. रोजचा त्रास त्याच वस्तूमुळे होतो की नाही, हे वहीतल्या नोंदींशी ताडून ठरते. आमच्या मुलीच्या हातावर डस्ट माइटचा फोड मोठा होता आणि कुत्र्याचा लहान. कुत्र्याची अ‍ॅलर्जी ठळक आली तर डॉक्टरांना घटकनिहाय तपासणीविषयी जरूर विचारावे. कॅन एफ ५ नावाचे एक प्रथिन फक्त नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते, आणि ज्यांना केवळ त्याचीच अ‍ॅलर्जी असते त्यांना मादी कुत्रा सोसण्याची शक्यता असते. पुढचे पिल्लू घ्यायच्या आधी हे माहीत असणे उपयोगाचे आहे.

आणखी एक प्रयोग घरोघरी केला जातो : कुत्र्याला आठ दिवस मावशीकडे पाठवायचे आणि फरक पडतो का ते पाहायचे. या प्रयोगाने काहीच ठरत नाही. सोफ्यात, पडद्यांत आणि गाद्यांत बसलेली प्रथिने कुत्रा गेल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने टिकतात. आठ दिवसांत त्रास कमी झाला नाही म्हणून कुत्रा निर्दोष ठरत नाही, आणि कमी झाला तर तो पाऊस उघडल्यामुळेही झालेला असू शकतो.

३. घर लावून घ्यावे, झोपण्याच्या खोलीपासून

माणूस दिवसाचे सात-आठ तास एकाच गादीवर घालवतो, म्हणून पैसा आणि श्रम आधी तिथे घालावेत. ज्याला त्रास आहे त्याच्या झोपण्याच्या खोलीत कुत्र्याने जायचे नाही, दिवसाही नाही आणि ‘पाचच मिनिटे’ही नाही. हा नियम कुत्रा चार दिवसांत शिकतो. घरातली माणसे शिकायला महिना लागतो.

गादीला आणि उशीला चेन असलेले, माइट आरपार जाऊ न देणारे घट्ट विणीचे आवरण घालावे. चादरी, अभ्रे आणि पांघरुणे दर आठवड्याला साठ अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुवावीत. धुलाई यंत्रात तशी सोय नसेल तर बादलीत कडकडीत पाणी घेऊन अर्धा तास भिजत ठेवावे आणि मग कडक उन्हात वाळवावे. गोधड्या माळ्यावर उघड्या न ठेवता बंद पिशवीत ठेवाव्यात. आजीच्या हातची गोधडी टाकून द्या, असे मी कुणाला सांगणार नाही. आमचीही टाकली नाही, ती आता धुऊन, उन्हे देऊन दुसऱ्या खोलीत असते.

कोरड्या केरसुणीने झाडू नये, कारण खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा हवेत जाते. ओल्या फडक्याने फरशी पुसावी आणि हे काम त्रास असलेल्या व्यक्तीने करू नये. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा तर हेपा फिल्टर, म्हणजे अतिशय बारीक कण अडवणारी गाळणी, असलेलाच घ्यावा, नाहीतर पुढून ओढलेले बारीक कण मागून बाहेर पडतात. जाड गालिचे काढून टाकावेत. जाड पडद्यांच्या जागी धुता येतील असे सुती पडदे लावावेत. कुत्र्याच्या अंथरुणाला काढता येणारा अभ्रा शिवून घ्यावा. आम्ही जुन्या चादरींचे चार अभ्रे शिंप्याकडून शिवून घेतले, आणि बाजारातल्या तयार गादीपेक्षा ते अधिक टिकले.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राबद्दल बरेच गैरसमज आहेत. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो हे खरे आहे, परंतु तो हवेत तरंगणारेच कण अडवू शकतो. कुत्र्याची प्रथिने अतिशय बारीक कणांवर बसून बराच काळ तरंगत राहतात, त्यामुळे तिथे यंत्राचा उपयोग होतो. डस्ट माइटचे कण जड असल्याने लवकर खाली बसतात, आणि गादीत बसलेल्या कणांना यंत्र हात लावू शकत नाही. आम्ही यंत्र घेतले ते बैठकीच्या खोलीसाठी, मुलीला त्रास होता माइटचा, आणि ती झोपत होती आतल्या खोलीत. तिन्ही बाजूंनी चूक! यंत्र घ्यायचेच असेल तर खोलीच्या आकाराला पुरेल एवढी त्याची क्षमता आहे का, हे पाहावे. बदलायच्या फिल्टरची किंमत आधी विचारावी, कारण तो खर्च दर वर्षी येतो. आणि ओझोन सोडणारी यंत्रे टाळावीत, कारण दम्याच्या माणसाला ओझोन बाधतो.

कुत्र्याला अंघोळ घातल्याने प्रथिने कमी होतात, पण दोन-तीन दिवसांत ती पुन्हा पूर्वीइतकी होतात. आठवड्यातून दोनदा अंघोळ घालणे बहुतेक घरांना झेपत नाही आणि बऱ्याच कुत्र्यांच्या त्वचेलाही मानवत नाही. त्याऐवजी रोज बाहेरून आल्यावर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने अंग आणि पाय पुसावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, आणि केस विंचरण्याचे काम गॅलरीत, अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाने करावे. माणसांचा शाम्पू कुत्र्याला लावू नये. कुत्र्याने चाटल्यावर हात आणि तोंड साबणाने धुण्याची सवय मुलांना लावावी. या सवयीला पैसे पडत नाहीत आणि गुण मात्र चांगला येतो.

४. कुत्र्यालाच खाज असेल तर आधी पिसवा शोधाव्यात

कुत्र्यालाही अ‍ॅलर्जी होते आणि दवाखान्याचा खर्च वाढवणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक वरचा आहे. मुख्य कारणे तीन : पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी, धूळ-परागकण अशा वातावरणातल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी, आणि अन्नाचे वावडे. यांपैकी पहिले तपासणे सर्वांत स्वस्त आहे. वातावरणातल्या अ‍ॅलर्जीत पुन्हा तोच डस्ट माइट भेटतो, म्हणजे एकाच गादीपायी मूल शिंकते आणि कुत्रा पंजे चाटतो, असेही घडू शकते.

पिसवांची परीक्षा घरी करता येते. पांढरा कागद पाण्याने ओला करून जमिनीवर पसरावा. त्यावर कुत्र्याला उभे करून शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर बारीक दातांच्या फणीने, आपल्याकडे उवांसाठी वापरतात तशा फणीने, विंचरावे. कागदावर काळे कण पडतील. दोन मिनिटे थांबावे. माती असेल तर कण काळेच राहतात; पिसवांची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती लालसर-तपकिरी डाग पसरतो, कारण त्यात कुत्र्याचेच पचलेले रक्त असते. चिकूच्या अंगावर आम्हाला एकही पिसू दिसली नव्हती. कागदावर मात्र डझनभर लाल डाग उमटले, आणि तोवर आम्ही पाच महिने दुकानदाराच्या सल्ल्याने ‘खाज थांबवणारे’ महाग अन्न आणत होतो.

पिसवा निघाल्या तर कुत्र्याला औषध देऊन भागत नाही. त्यांची अंडी आणि अळ्या अंथरुणात, फटींत आणि सोफ्याखाली असतात, त्यामुळे अंथरुणे गरम पाण्यात धुणे आणि घर झाडून-पुसून घेणे हे काम काही महिने सलग करावे लागते. घरात दुसरा प्राणी असेल तर त्यालाही डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावे. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराला चुकूनही लावू नये, मांजरासाठी ते जीवघेणे ठरते.

पिसवा नाहीत, खरूज नाही, बुरशी नाही असे पशुवैद्यांनी ठरवल्यावर मगच अन्नाकडे वळावे. अन्नाची परीक्षा म्हणजे गोणी बदलणे नव्हे. कुत्र्याने पूर्वी न खाल्लेला एक प्रथिनाचा आणि एक पिष्टाचा पदार्थ, किंवा डॉक्टरांनी सुचवलेले खास अन्न, सलग आठ आठवडे द्यायचे आणि दुसरा कणही द्यायचा नाही. आजोबांच्या ताटातला पोळीचा तुकडा आणि चवीसाठी वास घातलेली जंताची गोळी यांनीही परीक्षा मोडते. आठ आठवड्यांनी जुने अन्न पुन्हा देऊन खाज परतते का, हे पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही.

५. ज्या खर्चात काटकसर करू नये

लसीकरण, जंताचे औषध, गोचीड-पिसवांचे औषध आणि नसबंदी हे चार खर्च टाळले तर पुढे त्याच्या कित्येक पटींनी भरावे लागतात.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून संयुक्त, म्हणजे अनेक आजारांवरची एकत्र लस सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तिचे डोस दिले जातात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला अडवू शकते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे सांगता येत नाही, म्हणून हे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. ‘दोन झाले, पुरे’ असे म्हणणाऱ्यांची पिल्ले पार्व्होने, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने, आजारी पडतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि नंतर दर वर्षी द्यावी. ६ जुलैला जागतिक प्राणिजन्य आजार दिन आणि २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. या दिवसांच्या आसपास अनेक शासकीय दवाखान्यांत आणि संस्थांत रेबीजची लस मोफत दिली जाते. संयुक्त लशीत लेप्टोस्पायरोसिसचा समावेश आहे का, हे पावसाळ्यापूर्वी विचारून घ्यावे. तो आजार उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो.

जंताचे औषध पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी दिले जाते. गोळी वजनावर ठरते, म्हणून वहीतले वजन ताजे ठेवावे. घरचा वजनकाटा चालतो : आधी आपण एकटे उभे राहावे, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करावी.

गोचिडांच्या बाबतीत मी जरा कडकपणे लिहितो. गोचिडीतून होणारा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो. कुत्रा खाणे सोडतो, अंग तापते, हिरड्या फिकट पडतात, रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येते. चिकूला हा ताप एकदा आला तेव्हा तपासण्या, सलाईन आणि महिनाभराची औषधे मिळून आमचे नऊ हजार रुपये खर्च झाले. आदल्या महिन्यात आम्ही गोचिडीच्या औषधाचा डोस ‘थंडीच तर आहे’ म्हणून पुढे ढकलला होता. मानेवर टाकायचे थेंब महिनाभर चालतात. चघळायच्या काही गोळ्या बारा आठवडे काम करतात आणि एकदम महाग वाटल्या तरी महिन्याच्या हिशेबात तेवढ्या महाग पडत नाहीत. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर या गोळ्यांपूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. शेतात फवारायचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती कृपा करून टाळावी.

मादीची नसबंदी न केल्यास माज येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका राहतो. त्या अवस्थेतली तातडीची शस्त्रक्रिया ठरवून केलेल्या नसबंदीपेक्षा कितीतरी महाग आणि जोखमीची असते.

६. दवाखाना आजारपणापूर्वी निवडावा

जवळचा खाजगी दवाखाना रोजच्या कामासाठी ठीक आहे. त्याच्या जोडीला शासकीय आणि शैक्षणिक सोय कुठे आहे, हे माहीत करून घ्यावे. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला, नागपूरला, परभणीला आणि उदगीरला अशी महाविद्यालये आहेत आणि त्यांना जोडून रुग्णालये आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. अशा ठिकाणी केसपेपर आणि तपासण्या खाजगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतात. बदल्यात सकाळी लवकर जाऊन रांगेत थांबण्याची तयारी ठेवावी लागते. कुत्र्याला तोंडाला जाळी लावून आणि पाण्याची बाटली घेऊन जावे.

उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत पशुवैद्य आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो. मोठा उपचार सांगितला गेला तर तीन प्रश्न विचारावेत : ही तपासणी केल्याने उपचार बदलणार आहे का, आज न करता दोन दिवस थांबले तर काय होईल, आणि अंदाजे एकूण खर्च किती येईल. चांगले डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाहीत, आणि आपले आर्थिक बळ मोकळेपणाने सांगितले तर ते पर्यायही सुचवतात. बिल वाचून घ्यावे. पशुवैद्यकीय दवाखान्याने दिलेल्या आरोग्यसेवेवर जीएसटी लागत नाही. केस कापणे, अंघोळ घालणे यांवर तो लागू शकतो, म्हणून दोन्हींची बिले वेगळी मागावीत.

७. औषधांत बचत होते, पण बेताने

कुत्र्यांना दिली जाणारी बरीच औषधे माणसांचीच असतात. पशुवैद्यांना चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून द्यायची विनंती करावी आणि ते जनऔषधी केंद्रात मिळते का, हे पाहावे. आमच्या काही नेहमीच्या गोळ्यांचा खर्च त्यामुळे बराच खाली आला.

ही बचत स्वतःच्या डॉक्टरकीत बदलू नये. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याला गंभीर विषबाधा होऊ शकते. मुलीची सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी घरात आहे म्हणून ‘सर्दीची गोळी’ कुत्र्याला दिली जाते, आणि त्या पाकिटात सेट्रिझिनबरोबर दुसरीही औषधे मिसळलेली असतात. पातळ औषधात झायलिटॉल हा गोडवा असेल तर तोही कुत्र्याला घातक असतो. खाजेवर स्टिरॉइडचे इंजेक्शन लगेच गुण देते म्हणून ते वारंवार मागू नये. कारण शोधायचे राहून जाते आणि दुष्परिणाम साचत जातात. स्वयंपाकघरातला धोकाही याच यादीत धरावा : कांदा-लसणाची फोडणी घातलेली आमटी, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याच्या वाटीत जाऊ नयेत.

८. विमा घ्यावा की स्वतःचा डबा ठेवावा

कुत्र्यांचा विमा आपल्याकडे मिळतो, पण प्रत्येक पॉलिसी दवाखान्याचा खर्च देतेच असे नाही. काहींत मूळ भरपाई कुत्र्याच्या मृत्यूची असते आणि उपचार, हरवणे किंवा कुणाला चावल्यास द्यावी लागणारी भरपाई हे जोड भाग असतात. सही करण्यापूर्वी वयाची मर्यादा, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, आधीपासूनच्या आजारांविषयीचे कलम आणि लसीने टळणाऱ्या आजारांची अट वाचावी. लस चुकलेली असेल तर पार्व्होचा दावा नाकारला जाऊ शकतो. त्वचेची अ‍ॅलर्जी एकदा कागदावर आली की पुढे ती जुना आजार म्हणून धरली जाण्याची शक्यता असते, म्हणून विमा घ्यायचाच असेल तर पिल्लू लहान आणि निरोगी असतानाच घ्यावा.

आम्ही विमा घेतला नाही. दरमहा एक हजार रुपये वेगळ्या बचत खात्यात जातात आणि त्या खात्याचे कार्ड कुणाच्याही पाकिटात नसते. मोठ्या जातीचा, सांध्यांच्या दुखण्याची शक्यता असलेला कुत्रा असेल तर मी वेगळा विचार केला असता, कारण एकाच शस्त्रक्रियेने असा डबा रिकामा होतो.

९. इतके करूनही माणसाचा त्रास थांबला नाही तर

नाकात मारायचा स्प्रे आणि गोळ्या नियमित, सांगितल्याप्रमाणे घेतल्यावर बहुतेकांना आराम पडतो. आमच्या मुलीला गादीची आवरणे आणि स्प्रे एवढ्यावर पडला. त्याने भागले नाही तर ज्या वस्तूची अ‍ॅलर्जी आहे तिच्याच लहान मात्रा देऊन त्या हळूहळू वाढवत नेणारी उपचारपद्धती असते. ती तीन ते पाच वर्षे चालते, खर्चिक असते, आणि नेमके कारण सिद्ध झाल्याशिवाय सुरू करू नये.

शिंका आणि दमा यांत मात्र फरक करावा. छातीत घरघर होत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, इनहेलर वारंवार लागत असेल आणि कुत्रा हेच कारण असल्याचे सिद्ध झाले असेल, तर कुत्र्यासाठी दुसरे घर पाहावे लागते. हा निर्णय डॉक्टरांशी बोलून, महिनाभराची मुदत ठेवून घ्यावा, आणि कुत्रा ओळखीच्या घरी द्यावा. त्याची फाइल आणि त्याचे न धुतलेले अंथरूण बरोबर द्यावे, म्हणजे त्याला नव्या जागी ओळखीचा वास मिळतो.

१०. फाइलमध्ये काय असावे

• लसीकरण पुस्तिका, लशीच्या बाटलीवरचे लेबल चिकटवलेली आणि डॉक्टरांची सही-शिक्का असलेली. 
• महानगरपालिकेचा परवाना. त्यासाठी रेबीज लसीचे प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचे छायाचित्र सहसा लागते. 
• मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा क्रमांक. 
• नसबंदीचे प्रमाणपत्र. 
• रक्ततपासणीचे सर्व जुने अहवाल. निरोगी असतानाचा एक अहवाल असेल तर आजारपणात तुलना करता येते. 
• चिठ्ठ्या आणि मूळ बिले, तारखेच्या क्रमाने. विम्याच्या दाव्याला छायाप्रत पुरतेच असे नाही. 
• घरातल्या व्यक्तीच्या अ‍ॅलर्जी चाचणीची प्रत आणि ती वही.

याशिवाय एक कागद फाइलमध्ये न ठेवता फ्रिजच्या दारावर लावावा. त्यावर रात्री उघडा असणारा दवाखाना, कुत्र्याला गाडीत घेणाऱ्या रिक्षावाल्याचा क्रमांक, कुत्र्याचे ताजे वजन आणि त्याला न चालणारी औषधे लिहावीत. आमच्याकडच्या कागदावर वजनाचा आकडा पेन्सिलीने लिहिलेला असतो, आणि तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खोडून नव्याने लिहिण्याचे काम मुलीकडे आहे.